झाकणाखालची जबाबदारी

भारतीय राजकारणात शौचालयाला मानाचे स्थान मिळाले ते गेल्या पाव शतकात. महाराष्ट्राचे तत्कालीन ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांनी २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, तेव्हा मंत्र्याने गावागावांत जाऊन संडासावर भाषण करावे ही कल्पनाच अनेकांना विनोदी वाटली होती. पुढे चौदा वर्षांनी, २ ऑक्टोबर २०१४ रोजी, खुद्द पंतप्रधानांनी हातात झाडू घेतला आणि विषयाची टिंगल थांबली. स्वच्छ भारत अभियानाच्या पहिल्या पाच वर्षांत ग्रामीण भागात दहा कोटींहून अधिक शौचालये उभी राहिल्याचे सरकारने जाहीर केले आणि २ ऑक्टोबर २०१९ रोजी साबरमतीच्या काठावर ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली. या आकड्यावर वाद झाले, सर्वेक्षणे झाली, प्रतिसर्वेक्षणे झाली. तरीही एवढे मान्य करायला हवे की एखाद्या सरकारने इतक्या गलिच्छ समजल्या गेलेल्या विषयावर आपली राजकीय पत पणाला लावण्याचा हा पहिलाच मोठा प्रसंग होता.

परंतु शौचालय बांधले की त्याचे छायाचित्र काढता येते, त्याची नोंद संगणकावर चढवता येते आणि अनुदानाचा हप्ता लाभार्थ्याच्या खात्यात जमा करता येतो. त्या शौचालयाखाली जी टाकी असते तिचे छायाचित्र कोणी काढत नाही. ती पाच वर्षांनी भरते, क्वचित दहा वर्षांनी भरते, आणि ज्या दिवशी ती भरते त्या दिवशी तिथे ना मंत्री असतो ना गटविकास अधिकारी. असतो तो फक्त घरमालक, आणि त्याने नाक्यावरून बोलावून आणलेला एखादा मजूर.

२०११च्या जनगणनेने या प्रश्नाचे आकारमान स्पष्ट केले होते. देशातील शहरी कुटुंबांपैकी ३२.७ टक्के कुटुंबांची शौचालये भुयारी गटारांना जोडलेली होती, तर ३८.२ टक्के कुटुंबे सेप्टिक टाकीवर अवलंबून होती. म्हणजे खेडी बाजूला ठेवली तरी, शहरी भारताचा मोठा भाग गटारावर नव्हे, आपल्याच अंगणातल्या टाकीवर जगत होता. जनगणनेचे ते आकडे आता जुने झाले आहेत. दरम्यान शहरांच्या कडेने ज्या वसाहती वाढल्या त्यांतील बहुतेकांत गटार आधी आणि घर नंतर असा क्रम नव्हता. राजधानीतील सरकारी निवासस्थानांत राहणाऱ्या मराठी अधिकाऱ्याला हे सहसा जाणवत नाही, कारण त्याच्या वसाहतीखालची गटारव्यवस्था चालवणे हे दुसऱ्या कोणाचे तरी काम असते. निवृत्तीच्या सुमारास तो पुण्याच्या सीमेवर, नाशिकच्या नव्या वसाहतीत किंवा मूळ गावी घर बांधायला घेतो, आणि आयुष्यात प्रथमच सेप्टिक टाकीचा मालक होतो. देशभरच्या गावोगावी गलाईचा व्यवसाय करणारे खानापूर-आटपाडीकडचे लोक तर वर्षातून एकदोनदा यात्रेला किंवा लग्नकार्याला गावी येण्यासाठी टुमदार बंगले बांधतात. त्या बंगल्यांत संगमरवर कोणता लावायचा यावर महिनाभर चर्चा होते. टाकी मात्र गवंडी म्हणेल तशी.

वास्तविक ही टाकी फार साधी रचना आहे, आणि म्हणूनच ती बिघडवणे सोपे आहे. शौचालयातून आलेले पाणी तिच्यात सुमारे एक ते दोन दिवस स्थिर राहावे अशी अपेक्षा असते. जड मैला तळाशी बसतो, तेलकट व हलका भाग साय धरावी तसा वर तरंगतो आणि मधले तुलनेने निवळ पाणी पुढच्या कप्प्यात व तेथून शोषखड्ड्यात जाते. तळाच्या गाळावर हवेवाचून जगणारे जिवाणू काम करतात आणि त्याचे आकारमान घटवतात. घटवतात, संपवत नाहीत. जे उरते ते साचत राहते. भारतीय मानक संस्थेची आयएस २४७० ही संहिता १९८५पासून आजच्या रूपात उपलब्ध आहे. टाकीची रुंदी ७५० मिलिमीटरपेक्षा कमी नसावी, पाण्याची खोली किमान एक मीटर असावी, लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट असावी, वायू बाहेर जाण्यासाठी उंच नळी असावी, आणि शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर असावा, हे सारे तिच्यात लिहिलेले आहे. गाळ साधारण दोन-तीन वर्षांनी काढावा असा केंद्रीय नगरविकास खात्याच्या तांत्रिक शाखेचाही दंडक आहे. गाळ आणि साय मिळून टाकीची निम्मी खोली व्यापू लागली की मधल्या पाण्याला निवळण्यास जागा उरत नाही आणि मैलाच पुढे वाहू लागतो. शोषखड्ड्याची माती एकदा अशा मैल्याने बुजली की ती सहजासहजी पुन्हा पाणी शोषत नाही.

प्रत्यक्षात काय होते? एक तर टाकी प्रमाणाबाहेर मोठी बांधली जाते, कारण 'मोठी टाकी म्हणजे आयुष्यभराची निश्चिंती' अशी गवंड्यापासून घरमालकापर्यंत सर्वांची श्रद्धा असते. तिचा तळ पुष्कळदा पक्का केलेला नसतो, म्हणजे ती टाकी नसून विटांनी बांधलेला खड्डा असतो, आणि तो भरत नाही याचे कारण त्यातील घाण सरळ भूजलात उतरत असते. शेजारी शोषखड्ड्याला जागा नसेल तर टाकीची बाहेर जाणारी नळी रस्त्याकडेच्या उघड्या गटारात सोडली जाते. दिल्लीच्या अनधिकृत वसाहतींचे सांडपाणी वर्षानुवर्षे ज्या वाटेने नजफगढ नाल्यात आणि तेथून यमुनेत गेले ती वाट अशीच आहे. नदीच्या शुद्धीकरणाच्या योजनांत मोठ्या शुद्धीकरण केंद्रांची क्षमता मोजली जाते. घरोघरच्या या टाक्या त्या हिशेबात फार उशिरा आल्या.

एवढ्यावरही थांबत नाही. टाकीच्या झाकणावर फरशी बसवली जाते, कुठे वाहनतळ केला जातो, कुठे जिन्याखालच्या खोलीत ती दडपली जाते. ती कुठे आहे हे बांधणाऱ्या पिढीला माहीत असते आणि पुढच्या पिढीला ती दुर्गंधीवरून शोधावी लागते. वास येऊ लागला की बाजारातून जिवाणूंची पूड किंवा ॲसिड आणून ओतायचे हा पुढचा उपाय. त्यातले पहिले बहुधा निरुपयोगी, कारण मैल्यात जिवाणूंची वाण कधीच नसते. आणि दुसरे अपायकारक, कारण तीव्र ॲसिडने वा फिनाइलच्या माऱ्याने जे काम करणारे जिवाणू आहेत तेच मरतात.

फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या पेयजल व स्वच्छता खात्याचे तत्कालीन सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातील वारंगळ जिल्ह्यात गंगादेवीपल्ली येथे एका शौचालयाच्या खड्ड्यात उतरले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने तो रिकामा केला. अनेक राज्यांचे अधिकारी त्यांच्याबरोबर होते. ही कृती प्रशंसनीय होती. ज्या देशात हे काम जातीने वाटून दिलेले आहे तिथे भारतीय प्रशासकीय सेवेतील अधिकाऱ्याने असे करणे याला प्रतीकात्मक का होईना, अर्थ आहे. मात्र तो खड्डा दोन खड्ड्यांच्या शौचालयातला होता. अशा रचनेत एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा वापरात घेतात, आणि वर्षा-दीड वर्षाने पहिल्यातला मैला कोरडे, निर्गंध खत होऊन बसलेला असतो. ते खत काढणे हे शेतातले काम आहे. सेप्टिक टाकीची गोष्ट सर्वस्वी वेगळी आहे. ती सदैव ओली असते, तिच्यातला गाळ कधीच पूर्ण कुजत नाही, आणि तिच्यात उतरणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण देणे होय. या दोहोंतला भेद सरकारी प्रचारात जितक्या ठळकपणे यायला हवा होता तितका आला नाही. दोन खड्ड्यांच्या शौचालयाचा पुरस्कार करणाऱ्या अभियानाच्या काळातही पुष्कळ कुटुंबांनी पदरचे पैसे घालून सेप्टिक टाक्याच बांधल्या, कारण गावात टाकी ही खड्ड्यापेक्षा प्रतिष्ठेची.

मृत्यू कसा येतो हेही लोकांना नीट ठाऊक नसते. कुजणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड, मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड हे वायू निघतात. त्यातला हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी दबा धरून असतो. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. पण प्रमाण वाढले की तो प्रथम घ्राणशक्तीच बधिर करतो, त्यामुळे 'वास गेला, आता उतरायला हरकत नाही' असे वाटते तीच वेळ सर्वांत घातक. गाळ ढवळला गेला की त्यात अडकलेला वायू एकदम सुटतो. पहिला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि मग तिसरा. जून २०१९ मध्ये गुजरातेत डभोईजवळच्या एका हॉटेलची टाकी साफ करताना असेच सात जण गेले. त्यांत चौघे सफाई करणारे होते आणि तिघे हॉटेलचे कर्मचारी. त्याआधी सप्टेंबर २०१८ मध्ये पश्चिम दिल्लीत मोतीनगर भागातील एका उच्चभ्रू निवासी संकुलाच्या सांडपाणी टाकीत पाच तरुण मरण पावले होते. मिथेनबद्दल इतकेच की झाकण उघडून आत पाहण्यासाठी काडी पेटवणारे महाभागही अधूनमधून आढळतात.

कायदा याबाबत निःसंदिग्ध आहे. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धचा पहिला केंद्रीय कायदा १९९३चा. त्याचा रोख कोरड्या संडासांवर होता. २०१३च्या कायद्याने गटारे व सेप्टिक टाक्या यांची धोकादायक सफाई हाही गुन्हा ठरवला. त्याच्या सातव्या कलमानुसार कोणतीही व्यक्ती, स्थानिक संस्था किंवा यंत्रणा या कामासाठी कोणालाही नेमू शकत नाही, आणि पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. 'कोणतीही व्यक्ती' या शब्दांत घरमालक येतो, गृहनिर्माण संस्थेचा सचिव येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १९९३पासूनच्या प्रत्येक मृत्यूसाठी दहा लाख रुपये भरपाईचा आदेश दिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाखांवर नेली. मुंबईत गोवंडी येथील एका खासगी गृहनिर्माण संस्थेच्या टाकीत डिसेंबर २०१९ मध्ये तीन कामगार मरण पावले होते. त्यांच्या विधवांना भरपाई देण्याची जबाबदारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्य सरकारवर टाकली आणि ती रक्कम संबंधितांकडून वसूल करण्याची मोकळीक दिली. टाकी खासगी होती म्हणून शासन हात झटकू शकले नाही, ही त्या निकालातली महत्त्वाची बाब.

संसदेतली भाषा मात्र वेगळी राहिली. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी राज्यसभेत हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेमुळे एकाही मृत्यूची नोंद नसल्याचे उत्तर दिले. तांत्रिकदृष्ट्या ते चूक नव्हते, कारण कायद्याच्या व्याख्येत 'हाताने मैला साफ करणे' आणि 'गटार वा टाकीची धोकादायक सफाई' या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या रकान्यात मात्र माणसे मरतच होती. २०१८ पासून २०२३च्या मध्यापर्यंत अशा ३३९ मृत्यूंची नोंद असल्याचे त्याच मंत्रालयाने लोकसभेत सांगितले. ज्या पक्षाचा आणि चळवळीचा वारसा सांगून आठवले राजकारणात उभे राहिले, तिच्या दृष्टीने तरी या दोन रकान्यांतले अंतर फारसे महत्त्वाचे नसावे. खात्याने तयार केलेले उत्तर मंत्र्याने वाचून दाखवणे ही दिल्लीची जुनी रीत आहे, आणि अशी उत्तरे तयार करणाऱ्यांत मराठी अधिकारीही असतातच.

या आकड्यांहून बोलका ठरला तो सरकारनेच करवून घेतलेला सामाजिक लेखाजोखा. २०२२ व २०२३ मधील ५४ मृत्यूंची छाननी त्यात झाली आणि जुलै २०२५ मध्ये तो संसदेसमोर आला. ५४ पैकी ४९ जणांच्या अंगावर कोणतेही सुरक्षासाधन नव्हते. ३८ जणांना व्यक्तिशः बोलावून कामाला लावलेले होते. ते ना पालिकेचे कर्मचारी, ना नोंदणीकृत ठेकेदाराचे. गटारात मरणाऱ्या माणसामागे निदान एखादी जबाबदार यंत्रणा शोधता येते. टाकीत मरणाऱ्यामागे एक दूरध्वनी क्रमांक आणि ठरवलेले काही रुपये असतात. यंत्रांनी सफाई व्हावी यासाठी केंद्राने २०२३ मध्ये 'नमस्ते' योजना आणली. तिच्या अंतर्गत ज्यांची नोंद झाली त्या कामगारांत दहापैकी नऊ जण अनुसूचित जाती, जमाती व इतर मागास वर्गांतील आहेत, आणि त्यातही अनुसूचित जातींचा वाटा सर्वांत मोठा. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी सफाईचे काम मागितले तेव्हा सवर्ण कैद्याला ते देता येत नाही म्हणून तुरुंगाने नाकारले आणि त्यावरून उपोषणाचा प्रसंग उद्भवला. पुढे कणकवलीच्या गोपुरीत पटवर्धनांनी मैल्यापासून खत करणाऱ्या साध्या शौचालयांवर काम केले. जातीचा प्रश्न आणि रचनेचा प्रश्न एकच आहे हे त्यांना उमगले होते.

मग मार्ग काय? त्याचे उत्तर दिल्लीत शोधण्यापेक्षा वाईत शोधावे. सातारा जिल्ह्यातील या गावाची लोकसंख्या २०११ साली सुमारे ३६ हजार होती. भुयारी गटार नाही, सारा भार टाक्यांवर. तिथल्या टाक्याही आठ-दहा वर्षांतून एकदा, म्हणजे तुंबल्यावरच, उपसल्या जात. २०१८ पासून वाई नगरपरिषदेने अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील तज्ज्ञांच्या साह्याने वेळापत्रकानुसार उपसा सुरू केला. गावाचे विभाग पाडले, प्रत्येक टाकी तीन वर्षांतून एकदा रिकामी व्हावी असे ठरवले, काम खासगी ठेकेदाराला दिले आणि त्याचे पैसे किती टाक्या उपसल्या यावर बांधून स्वतंत्र खात्यातून द्यायची व्यवस्था केली. गाडी दारात आली की घरमालकाकडून वेगळे पैसे घ्यायचे नाहीत. खर्च मालमत्ता करासोबतच्या स्वच्छता करातून. नाशिक जिल्ह्यातील सिन्नरनेही हाच मार्ग धरला. दोन्हीकडे उपसलेला गाळ शुद्ध करणारी केंद्रे आहेत, आणि ते फार महत्त्वाचे आहे. कारण टाकीतला गाळ सामान्य सांडपाण्यापेक्षा कित्येक पटींनी तीव्र असतो. तो घेऊन निघालेली गाडी रात्री नाल्यात रिकामी झाली, तर त्या टाकीने इतकी वर्षे अडवून धरलेली घाण एका रात्रीत नदीला मिळते.

यातली राजकीयदृष्ट्या अवघड गोष्ट म्हणजे तो कर. नोव्हेंबर २०१९ मध्ये, विधानसभा निवडणूक तोंडावर असताना, दिल्लीच्या तत्कालीन केजरीवाल सरकारने मोफत टाकीसफाईची योजना जाहीर केली आणि त्यासाठी ८० गाड्या आणण्याचे सांगितले. उद्देशाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. त्याच वर्षी दिल्लीच्या अरुंद गल्ल्यांत जाऊ शकतील अशी २०० गटारसफाई यंत्रे सफाई कामगारांनाच मालक करून रस्त्यावर आणली गेली, आणि त्या उपक्रमात पुण्यातून उभ्या राहिलेल्या दलित उद्योजकांच्या 'डिक्की' या संघटनेचा वाटा होता. परंतु मागणी आल्यावर मोफत जाणे आणि मागणी नसतानाही ठरल्या दिवशी दाराशी उभे राहणे यात फरक आहे. पहिल्यात टाकी तुंबेपर्यंत कोणी बोलावत नाही. दुसऱ्यात कर लावावा लागतो, कर लावला की नगरसेवक बिचकतो. वाईने ते धैर्य दाखवले. ओडिशाने याच कामी निराळी वाट काढली. राज्यभरच्या शहरांत गाळशुद्धीकरण केंद्रे उभारून त्यांपैकी अनेक महिला बचत गटांच्या हाती दिली. सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता हा सातव्या परिशिष्टानुसार राज्यांचा विषय आणि बाराव्या परिशिष्टानुसार नगरपालिकांच्या कक्षेतला. केंद्राने २०१७ साली मैलागाळ व्यवस्थापनाचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले, ते उत्तम आहे. पण गाडी घेणे, कर लावणे, टाक्यांची यादी करणे हे शेवटी मुख्याधिकाऱ्याच्या टेबलावरच येते.

घरमालकानेही काही करायचे आहे, आणि ते फार खर्चाचे नाही. झाकण मोकळे ठेवावे, त्यावर फरशी बसवू नये. टाकी कुठे आहे, किती लांब-रुंद आहे आणि शेवटची कधी उपसली हे घराच्या कागदपत्रांत लिहून ठेवावे. वायरिंगचा आराखडा जपणारे लोक हे का जपत नाहीत हे कोडेच आहे. दर वर्षी लांब काठीला जुने कापड गुंडाळून ती वरूनच तळापर्यंत सोडली की गाळाची उंची कळते. स्वयंपाकघरातले तेल आणि कपडे, प्लास्टिक, सॅनिटरी नॅपकिन टाकीकडे जाऊ देऊ नयेत. उपसा नगरपालिकेच्या किंवा परवानाधारक गाडीकडूनच नळीने करून घ्यावा, तळाशी थोडा गाळ राहू द्यावा म्हणजे जिवाणूंचे विरजण टिकते, आणि गाडी माल कुठे रिकामा करणार हे विचारावे. गाडीची नळी पोहोचत नाही म्हणून 'एक माणूस आत उतरवू का?' असे विचारणाऱ्याला त्याच पावली परत पाठवावे. काम एका आठवड्याने पुढे गेले तरी चालते. तक्रार आणि मदतीसाठी १४४२० हा राष्ट्रीय क्रमांक २०२० मध्ये सुरू झालेला आहे.

मोठ्या शहरांच्या कडेची ग्रामपंचायत मात्र या सगळ्याबाहेर उभी आहे. तिथे बांधकामे शहराच्या वेगाने होतात. मैला उपसणारी गाडी ग्रामपंचायतीकडे नसते, आणि महानगरपालिकेची गाडी हद्दीबाहेर येण्यास बांधील नसते. अकराव्या परिशिष्टाने स्वच्छता पंचायतींकडे सोपवली, पण गाळ नेऊन टाकायला जागा दिली नाही. शेजारच्या शहराच्या शुद्धीकरण केंद्रात आसपासच्या पंचायतींचा गाळ घ्यायचा असेल तर दोन खात्यांच्या, नगरविकास आणि ग्रामविकास यांच्या, सहीची गरज असते. महाराष्ट्रात काही ठिकाणी असे करार होऊ लागले आहेत. बाकी ठिकाणी ती फाइल एका खात्याकडून दुसऱ्याकडे अभिप्रायासाठी जाते, आणि दरम्यान टाकी भरत राहते.